सायकल राहू द्या, पोराकडे बघा

प्रश्न: ताई, सगळे म्हणतात म्हणून 'बायसिकल थीव्ज' बघितला. खरं सांगू का, कंटाळा आला. सायकल चोरीला जाते, बाप-लेक दिवसभर रोमभर फिरतात, सापडत नाही, संपला पिक्चर. ह्यात एवढं काय आहे? आणि तसलेच अजून बघायचे तर कुठला बघू?

उत्तर: कंटाळा आला असेल तर त्यात काही चुकलं नाही, पण मला वाटतं तुम्ही सायकल सापडते का एवढंच बघत बसलात. आता एकदा ब्रूनोकडे बघा, म्हणजे त्या पोराकडे. सकाळी बाप सायकल पुसत असतो तर हा म्हणतो पेडलला पोचा आलाय, गहाण ठेवलेली तिथल्यांनीच पाडला असणार, मी असतो तर बोललो असतो. मग निघताना खिडकी लावून घेतो, कारण आत तान्हं बाळ झोपलंय. एवढंसं पोरगं पेट्रोल पंपावर कामाला जातं! नंतर पावसात धाडकन पडतं आणि बापाचं लक्षच नाही. हे सगळं लक्षात ठेवून शेवट बघा, बाप स्वतः सायकल चोरायला जातो, लोक पकडून मारतात आणि ब्रूनो रडत रडत रस्त्यात पडलेली बापाची टोपी उचलतो, झटकतो. सायकलवाला त्या पोराचं तोंड बघूनच सोडून देतो हो. मी कितीदा बघितलाय तरी त्या टोपीपाशी माझ्या पोटात तुटतंच.

आणि चादरींचा सीन. सायकल सोडवायला बायको पलंगावरच्या चादरी ओढून काढते, त्या गहाण टाकतात आणि तिथला माणूस ते गाठोडं घेऊन मांडणीवर चढत जातो, वर छतापर्यंत नुसती गाठोडी. कोणी काही बोलत नाही, पण १९४८ सालच्या रोममधल्या किती घरांत पलंग उघडे पडले असतील ते कळतं. युद्ध संपून ३ वर्षं झालेली, हाताला काम नाही, आणि पोस्टर चिकटवायच्या नोकरीची अटच सायकल. म्हणून ती चोरी एवढी मोठी.

बाप झालेला मॅजोरानी हा खरा कारखान्यातला कामगार, नट नव्हे. पण म्हणून युद्धानंतरच्या ह्या धाटणीच्या सगळ्याच इटालियन पिक्चरांत रस्त्यावरची माणसं होती असं समजू नका, १९४५ च्या 'रोम ओपन सिटी'तली आना मान्यानी आणि आल्दो फाब्रित्सी दोघंही रंगमंचावर मुरलेली.

आपल्याशीही नातं आहे बरं का, जानेवारी १९५२ मध्ये मुंबईला आपला पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव झाला त्यात हे इटालियन पिक्चर दाखवले होते आणि पुढच्याच वर्षी बिमल रॉयचा 'दो बिघा जमीन' आला. तो बघितला असेल तर रिक्षा ओढणारा बाप आणि बूटपॉलिश करणारं पोरगं आठवेल.

आता पुढचा कुठला, तर 'बायसिकल थीव्ज'चा दिग्दर्शक डी सिका, त्याचाच 'उम्बेर्तो डी', १९५२ चा. पेन्शनीत भागत नाही असा म्हातारा आणि त्याचा कुत्रा. म्हाताऱ्याचं काम केलंय तो माणूस खरा फ्लॉरेन्सचा भाषाशास्त्राचा प्रोफेसर. त्यात घरातली कामवाली पोरगी सकाळी उठते, गॅस पेटवते, भिंतीवरच्या मुंग्यांवर पाणी मारते, कॉफी दळता दळता बसल्या जागेवरून पायाच्या अंगठ्याने दार लोटते आणि डोळ्यांत पाणी, कारण तिला दिवस गेलेत. घाई करून पुढे पळवू नका हा सीन, प्लीज. आणि म्हातारा भीक मागायला हात पुढे करतो ना, कोणीतरी पैसे द्यायला थांबतं आणि तो पटकन हात उलटा करतो, जणू पाऊस पडतोय का बघतोय. तिथे थोडं थांबा, मग पुढचं बघा. आणि कसा वाटला ते मला नक्की लिहा.