पाणी नितळ दिसतंय, मग तपासायचं कशाला?

प्रश्न : आम्ही निफाड तालुक्यात मळ्यात राहतो. 50 फुटांची जुनी विहीर आहे आणि चार वर्षांपूर्वी 300 फुटांचं बोअर घेतलं. दोन्हीचं पाणी नितळ, वासबिस काही नाही, पण कुकरला आतून पांढरा थर बसतो आणि तूरडाळ पाच शिट्ट्या करूनही दाताखाली कचकच लागते. मशीन विकायला आलेल्या माणसाने मीटर बुडवून 780 आकडा दाखवला आणि म्हणाला हे विष आहे, आजच आरओ बसवा. घरात चार महिन्यांचं बाळ आहे, पावडरचं दूध याच पाण्यात कालवतो. काय करू?

उत्तर : ताई, आधी बाळाचं बघू. रिपोर्ट हातात येईपर्यंत त्याच्या दुधाला विहिरीचं किंवा बोअरचं पाणी अजिबात वापरू नका, आयएसआय मार्काचं सीलबंद पाणी आणा आणि तेही उकळून घ्या. कारण नायट्रेट. तुमच्याकडे द्राक्ष, कांदा, सगळीकडे खतं पडतात, शेजारी गोठा असतो, शोषखड्डा असतो, ते सगळं झिरपत विहिरीत उतरतं आणि त्याला ना रंग ना चव. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या रक्ताची ऑक्सिजन वाहायची ताकद नायट्रेटने कमी होते, ओठ-नखं निळसर पडतात. तसं दिसलं तर थांबू नका, लगेच दवाखाना गाठा. आणि उकळून नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटतं तसं ते दाट होतं.

आता त्या 780 चं. तो मीटर पाण्यातून वीज किती वाहते त्यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज सांगतो, कुठले क्षार ते सांगत नाही. आपल्या भारतीय मानकात 500 पर्यंत चांगलं (इथले सगळे आकडे एका लिटरमागे मिलिग्रॅमचे) आणि दुसरा सोर्सच नसेल तर 2000 पर्यंत चालतं, त्यामुळे नुसत्या 780 वरून विष म्हणणं चुकीचंच आहे. पण मीटर 300 दाखवत असेल तरी पाणी चांगलंच असं नाही, त्यात नायट्रेट 60, म्हणजे 45 च्या मर्यादेच्या वर, असू शकतं, जंतू तर त्याला दिसतच नाहीत.

थर आणि डाळ हा आपल्या खडकाचा गुण. विहीर खणताना मुरूम लागतो, मग मांजऱ्या खडक, मग काळा पाषाण, त्या भेगांमधून पाणी मुरत जाताना कॅल्शियम-मॅग्नेशियम घेत जातं. डाळीतलं पेक्टिन त्या कॅल्शियमने घट्ट होतं म्हणून ती शिजत नाही. याने तब्येतीला फारसा धोका नाही, जड पाणी आहे एवढंच. बोअरचं मात्र फ्लोराइड बघायलाच हवं, खोलवरचं पाणी वर्षानुवर्षं खडकाला लागून असतं. फ्लोराइड 1 पर्यंत ठीक, 1.5 च्या वर गेलं की वाढत्या वयातल्या मुलांच्या दातांवर डाग पडतात, अजून जास्त असेल आणि वर्षानुवर्षं प्यायलं तर हाडं धरतात. आर्सेनिकची भीती मुख्यत्वे गंगेच्या खोऱ्यात, आपल्याकडे ती पहिली काळजी नाही.

दोन्हीचे सॅम्पल वेगळे द्या, हे कळकळीने सांगते. आमच्या मामांच्या मळ्यात विहीर आणि बोअरमध्ये जेमतेम साठ पावलं, पण विहिरीत नायट्रेट जास्त निघालं आणि बोअरमध्ये नुसता जडपणा, आणि घरचे इतकी वर्षं विहिरीचंच गोड म्हणून पीत होते.

मोटर दहा मिनिटं चालू द्या, टाकीतून नाही तर थेट पाइपाखाली धरा, दोन लिटरची स्वच्छ प्लॅस्टिकची बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळून काठोकाठ भरा, वर तारीख आणि विहीर का बोअर ते लिहा. जंतूंच्या तपासणीची बाटली मात्र लॅबकडूनच आणायची, ती विसळायची नाही, झाकणाला आतून बोट लावायचं नाही आणि बर्फात ठेवून त्याच दिवशी पोहोचवायची. नाशिकला भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची जिल्हा प्रयोगशाळा आहे, जायच्या आधी फोन करून फी आणि वेळ विचारा. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडे (गावच्या पाण्याची देखरेख करणाऱ्याकडे) जागेवरच पाणी तपासायचं फील्ड किट असेल तर त्यावर आधी अंदाज घ्या, पण बाळाचा निर्णय किटवर नको.

रिपोर्टमध्ये नायट्रेट, फ्लोराइड, हार्डनेस म्हणजे जडपणा, लोह, पीएच आणि ई. कोलाय म्हणजे विष्ठेतून येणारे जंतू बघा. नायट्रेटची मर्यादा 45, पण काही लॅब नायट्रोजन म्हणून आकडा देतात, तिथे साधारण 10 हीच मर्यादा, तेव्हा कुठला आकडा आहे ते विचारूनच घ्या. जंतू निघाले तर टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर किती टाकायची ते जलसुरक्षकाला विचारा आणि पुन्हा तपासा. एकदा मे महिन्यात आणि एकदा पावसाळ्यानंतर असं वर्षातून दोनदा केलंत तर उत्तम, पहिल्या पावसानंतर विहिरीचं पाणी फार बदलतं.

मशीनचं त्यानंतर. नायट्रेट किंवा फ्लोराइड जास्त असेल तर पिण्यापुरता आरओ घ्याच. फक्त जडपणा असेल तर आरओ घ्यायलाच हवा असं नाही, डाळ-भाताला पावसाचं साठवलेलं किंवा नळाचं पाणी वापरून बघा, डाळ आदल्या रात्री भिजत घाला. आणि सॉफ्टनर बसवला तर लक्षात ठेवा, तो जडपणा काढतो, फ्लोराइड नाही.