हँडल, मनगट आणि मुंग्या : वाचकांचे प्रश्न

लांबच्या प्रवासात हात भरून येतात, बोटं बधिर होतात, अशा आशयाची पत्रं या वेळी एकत्र घेतली आहेत. एक विनंती : यापुढे लिहिताना कुठला हात, नेमकी कुठली बोटं आणि गाडीचा वेग किती असताना, एवढं जरूर कळवा. उपाय त्यावरून ठरतो. ग्रिप कुठली घ्यायची हा त्यानंतरचा प्रश्न.

प्रश्न : दर शनिवारी १५० सीसी गाडीवर पुण्याला जातो. खंबाटकीचा बोगदा ओलांडून शिरवळ येईपर्यंत उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर होतात. हात झटकला की बरं वाटतं, थोड्या वेळानं पुन्हा तेच. जेलच्या ग्रिप बसवाव्यात का? – एक वाचक, सातारा

उत्तर : थांबा, आधी फुकटचे उपाय करून पाहा. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची मधल्या बोटाकडची बाजू इथली संवेदना मीडियन नर्व्ह सांभाळते. ही नस मनगटाच्या एका अरुंद बोळातून जाते आणि त्याच बोळातून बोटं वाकवणाऱ्या नऊ दोऱ्याही जातात. मनगट सरळ असतं तोवर सगळ्यांना जागा पुरते. ते वर किंवा खाली वाकून राहिलं की नसेवर दाब येतो, आणि वर मूठ घट्ट आवळलेली असेल तर जास्तच.

उजव्याच हाताला त्रास होण्याचं कारण ॲक्सिलेटर. आपण मूठ धरतो ती गाडी उभी असताना, मनगट सरळ ठेवून. मग रेस दिली की मनगट खाली जातं, आणि हायवेवर तास तास तसंच मागे मुडपलेलं राहतं. यावर एक साधी युक्ती आहे. इंजिन बंद ठेवून गाडी मेन स्टँडवर लावा. डाव्या हातानं ॲक्सिलेटर साधारण पाव भाग उघडून धरा आणि त्या स्थितीत उजव्या हाताची पकड घ्या, कोपरापासून बोटांच्या पेरांपर्यंत हात सरळ रेषेत ठेवून. आता ॲक्सिलेटर सोडा. मनगट थोडं वर उचललेलं दिसेल. गाडी सुरू करतानाची पकड ही अशी हवी. पकडही समोरून आडवी मूठ मारून नको, स्क्रू-ड्रायव्हर धरतो तशी थोडी बाहेरून, तिरकी. सुरुवातीला अवघडल्यासारखं होईल, मग हाताला सवय लागते.

त्यानंतर ॲक्सिलेटरच्या केबलचा ढिलेपणा बघा. ग्रिपच्या कडेवर तो साधारण २ ते ६ मिलिमीटर असतो. जास्त असला तर तेवढ्याच रेससाठी मनगट अधिक मुरगाळावं लागतं. मूठ सोडताच ॲक्सिलेटर खटकन मागे आला पाहिजे. रेंगाळत असेल तर केबल सुकली आहे किंवा कुठंतरी दबली आहे.

ब्रेक-क्लचच्या लिव्हरचा कोन मात्र फारसं कुणी तपासत नाही. शोरूममधून आला तसाच राहतो. सीटवर नेहमीसारखं बसा आणि बोटं लिव्हरवर टेका : हात, मनगट, बोटं एका रेषेत येतात का? बोटं वर उचलावी लागत असतील तर क्लँपचा बोल्ट सैल करून लिव्हर किंचित खाली फिरवा. पुढं डिस्क ब्रेक असेल तर ऑइलची डबी जवळपास सपाट राहील इतपतच फिरवायचं. बोल्ट परत कसल्यावर इंजिन सुरू ठेवून हँडल पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे वळवून बघा. रेस आपोआप वाढली किंवा केबल ताणली गेली तर ती गाडी तशीच रस्त्यावर काढू नका.

एवढं करूनही रात्री मुंग्यांनी जाग येत असेल, हातातून कप निसटत असेल किंवा अंगठ्याच्या मुळाचं मांस सपाट होत चाललेलं दिसत असेल, तर दोष एकट्या गाडीचा नाही. हाडांच्या किंवा मेंदू-मज्जासंस्थेच्या डॉक्टरांना दाखवा. ते नर्व्ह कंडक्शन टेस्ट सांगतील. मधुमेह, थायरॉइड, बी-१२ हेही तपासायला सांगतील.

प्रश्न : हँडलच्या टोकाची वजनं काढून तिथं गोल आरसे बसवले. तेव्हापासून ७० च्या पुढं हँडल झणझणतं आणि घरी आल्यावरही तळहात गुणगुणत राहतो. मेकॅनिक म्हणतो, चाक बॅलन्स करा. – एक वाचक, कराड

उत्तर : मेकॅनिकच्या सल्ल्याआधी ती वजनं शोधा. ती शोभेची नव्हती. सिंगल सिलिंडर इंजिन ६००० आरपीएमला सेकंदाला १०० फेरे मारतं, आणि हँडलचा पोकळ पाइप त्याच सुरात थरथरू लागला की ते हातात जाणवतं. टोकाला वजन ठेवून तो सूर तुमच्या रोजच्या वेगापासून दूर नेलेला असतो. आरसे हवेच असतील तर वजन जागेवर ठेवून हँडलला क्लँपनं बसणारे घ्या.

चाक की इंजिन, याचा निकाल मोकळ्या रस्त्यावर लागतो. ६० चा वेग धरून एकदा चौथ्या आणि एकदा पाचव्या गिअरमध्ये चालवा. गिअर बदलल्यावर थरथर बदलली तर ती इंजिनाकडून येते : इंजिन माउंटिंगचे बोल्ट, सायलेन्सरचा क्लँप, फूटरेस्ट बघा. बोल्ट इंजिन थंड असताना कसायचे. दोन्ही गिअरमध्ये तशीच राहिली तर चाक, टायरची हवा किंवा कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग). कोनसेट तपासायला पुढचं चाक उचलून फोर्क खालून धरा आणि पुढं-मागं हलवा. ‘टक्’ वाजलं तर ढिला आहे. हँडल मधोमध येताना अडकल्यासारखं झालं तर गोळ्यांनी वाटीत खड्डे पाडलेत, सेट बदला. चेनही बघा; फार ताणलेली चेन कुरकुरते आणि धक्के देते. चाक फिरवत तीन-चार ठिकाणी मोजा, सगळीकडे ढिलाई सारखी नसते. मोजमाप गाडीच्या स्टिकरवर असतं.

हे सगळं होईपर्यंतचा उपाय : वेग पाच-सात किलोमीटरनं कमी-जास्त करा. प्रत्येक गाडीला एक शांत टप्पा असतो, तो सापडतो.

प्रश्न : गळीत हंगामात उसाच्या ट्रॉलींमागे रोज अर्धा तास जातो. डाव्या हाताला रग लागते, क्लच जड वाटतो. प्लेटा गेल्या असतील का? – एक वाचक, पलूस

उत्तर : प्लेटा गेल्या की क्लच घसरतो, रेस वाढते आणि गाडी ओढत नाही. जडपणा बहुतेक वेळा केबलचा असतो. केबल लिव्हरच्या बाजूनं सोडवा आणि आतली तार हातानं वर-खाली करा. तीच जड असेल तर दोष केबलमध्ये. सहज सरकत असेल तर खालची क्लच आर्म किंवा बाहेरून घातलेल्या कडक स्प्रिंगा. केबलला तेल सोडायचं तर प्लॅस्टिकच्या पिशवीचा कोपरा कापून वरच्या टोकाला सुतळीनं घट्ट बांधा, त्यात थोडं इंजिन ऑइल ओता आणि केबल रात्रभर उभी टांगा. सकाळी खालून थेंब आला की काम झालं. टेफ्लॉनचं अस्तर असलेल्या केबलमध्ये ग्रीस भरू नका, आणि एकही तार तुटलेली दिसली तर सरळ नवी घ्या. लिव्हरच्या पिनेला मात्र बोटभर ग्रीस द्या.

लिव्हरच्या टोकाला १० ते २० मिलिमीटर खेळ ठेवा. कमी ठेवला तर क्लच अर्धवट दबलेला राहून खरंच प्लेटा जळतील. ट्रॉलीमागे क्लच धरून रांगण्याची सवय सोडा : अंतर पडू द्या, न्यूट्रल करा, मग पुढं जा.

प्रश्न : चाळकेवाडीच्या पठारावर गेलो की करंगळी आणि अनामिका सुन्न होतात, दोन्ही हातांच्या. – एक वाचक, तासगाव

उत्तर : ही वेगळी नस, अल्नर. ती तळहाताच्या करंगळीकडच्या टाचेवरून आणि कोपराच्या मागून जाते. म्हणजे अंगाचा भार तळहातावर येतो आहे. पवनचक्क्यांच्या पठारावर बाजूचा वारा असतो. गाडी हलली की माणूस हँडल आवळतो, कोपरं ताठ करतो, आणि मग वाऱ्याचा प्रत्येक धक्का सरळ हँडलमध्ये उतरून गाडी जास्तच डुलते. टाकी गुडघ्यांनी धरा, कोपरं किंचित वाकवा, मूठ सैल सोडा. मोकळ्या रस्त्यावर कोपरं पंखासारखी हलवता येत नसतील तर भार अजून हातांवरच आहे. पाठीवर सॅक असेल तर ती मागच्या सीटला बांधा.

प्रश्न : माझे हात लहान आहेत. मऊ म्हणून ग्रिपवर फोमचे कव्हर चढवले, पण आता जास्त दुखते. – एक वाचिका, सांगली

उत्तर : दुखणारच. हँडलचा पाइप साधारण २२ मिलिमीटरचा, त्यावर ग्रिप, वर फोम. मूठ जितकी उघडी राहील तितका जोर जास्त लागतो, शिवाय लिव्हरही बोटांपासून लांब गेली. फोम काढा, पातळ रबरी ग्रिप ठेवा आणि अंतर कमी-जास्त करता येणारी लिव्हर तुमच्या गाडीला मिळते का ते बघा. फोम ॲक्सिलेटरच्या बाजूला गोल गोल फिरतो, तो धोका वेगळाच.

प्रश्न : थंडीत पसरणी घाट चढताना बोटं लाकडासारखी होतात. जाड हातमोजे घेतले तरी फरक नाही. – एक वाचक, वाई

उत्तर : जाड असले तरी ते बहुतेक घट्ट असतील. घट्ट मोज्यात रक्त फिरत नाही आणि ऊब धरून ठेवणारी हवाही राहत नाही. घेताना दुकानातच मोजा घालून गाडीच्या ग्रिपवर मूठ वळा : बोटाच्या टोकाला थोडी जागा उरली पाहिजे, तळव्यावर शिवण रुतता कामा नये आणि मनगटाच्या पट्ट्याखाली एक बोट सहज सरकलं पाहिजे. आत पातळ सुती मोजा चालेल, पण तो घालूनच माप घ्या. वारा अडवायला हँडगार्ड लावलेत तर लिव्हर पूर्ण दाबून आणि हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून ते कुठं घासत नाहीत ना, हे बघूनच घाटाला लागा.