आजींच्या तोंडी शब्द घालू नकोस

चि. मुली,
अ. उ. आ.

तू मुलाखती घेतलेल्या तीन आजींनी पुण्यातल्या पानशेतच्या पुराचं पाणी शिरल्याच्या तीन वेगवेगळ्या वेळा सांगितल्या, आता यातलं खोटं कोण बोलतंय, असं विचारतेस. कुणीच नाही गं. आधी तिघींची घरं कुठे होती ते बघ. पानशेत धरण फुटल्यावर पाणी खडकवासल्याच्या तलावात आलं, मग तीही भिंत गेली. नदीकाठच्या वाड्यात आणि वरच्या आळीत पाणी एकाच वेळी कसं पोचेल?

तरीही फरक उरेल. माझंच बघ. १२ जुलै १९६१ ला मी नऊ वर्षांचा होतो. ओंकारेश्वरापाशी वडिलांच्या खांद्यावर बसून, पुरात वाहत जाणारं शिसवी कपाट पाहिलं, हे मी चाळीस वर्षं रंगवून सांगितलं. नऊ वर्षांचा घोडा खांद्यावर कशाला बसेल, हेही कधी खटकलं नाही. पुढे आईच्या ट्रंकेत वडिलांचं साताऱ्याच्या पत्त्यावरचं कार्ड सापडलं: ‘वाडा पडला. आम्ही दोघे सुखरूप. धाकट्याला घेऊन तिकडेच राहा.’ धाकटा म्हणजे मी! कपाट दादाने पाहिलेलं. मला ते आजही दिसतं, कडीसकट.

आठवण दरवेळी उरल्यासुरल्या तुकड्यांतून नव्याने जुळवली जाते. गाळलेल्या जागा ऐकीव गोष्टी भरतात, आणि पुढच्या वेळी तो भरावही आपलाच वाटतो. विसरणं त्यामानाने साधं. जिकडे लक्ष नव्हतं ते साठतच नाही, आणि सारखे दिवस एकमेकांत मिसळून जातात. ११ जुलैला काय केलंत, विचारून बघ आजींना.

१९७४ च्या एका प्रयोगात एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना मोटारींच्या टकरीची फिल्म दाखवली. काहींना ‘गाड्या धडकल्या तेव्हा वेग किती होता’ असं विचारलं, काहींना ‘जोरात आदळल्या तेव्हा’ असं. आठवड्याने ‘फुटलेली काच दिसली का?’ म्हटल्यावर पहिल्या गटात ५० पैकी ७ जण हो म्हणाले, दुसऱ्यात १६. फिल्ममध्ये काच फुटलेलीच नव्हती.

तुझ्या प्रश्नावलीत पहिलंच वाक्य आहे, ‘सकाळी पाण्याचा लोंढा आला तेव्हा…’. सकाळही तुझी, लोंढाही तुझा. ‘त्या दिवशी काय झालं?’ एवढंच विचार आणि गप्प बस. (जड जाईल तुला, ठाऊक आहे.) वाक्यं पुरी करणाऱ्या सुनेला चहा ठेवायला पाठव. जुने फोटो अगदी शेवटी काढ.

रविवारी ये, कार्ड दाखवतो. दादाशीही बोल, पण मी खोलीत नसताना.

तुझा,
काका