रेंगाळलेला खोकला आणि आजीचा फोन

इंग्लंडमधून पत्र लिहिणाऱ्या ताई, तुमच्या दमा असलेल्या पंधरा वर्षांच्या मुलाचा सर्दीनंतरचा खोकला पाच आठवडे उलटूनही थांबलेला नाही, आठवड्यातून दोन-तीन रात्री तो खोकत उठतो, फुटबॉलला जाणे त्याने सोडले आहे आणि विचारले की "मला काही झालेले नाही" एवढेच सांगतो. तुमची काळजी मुळीच अनाठायी नाही. नाशिकहून सासूबाई फोनवर "पंपाची सवय लागते, तो बंद करा आणि अडुळशाचा काढा द्या" असे सांगतात, त्यामागची माया खरी आहे. तरीही दम्याच्या मुलाचा पंप (इनहेलर) असा परस्पर बंद करणे धोक्याचे आहे.

दम्यात श्वासनलिकांना आतून सूज असते. निळ्या पंपातील साल्ब्युटामॉल नलिकांभोवतीचे स्नायू सैल करून काही मिनिटांत श्वास मोकळा करते, पण सूज उतरवत नाही. ते काम रोज घ्यायच्या पंपातील स्टेरॉइडचे असते आणि ते अल्प मात्रेत थेट फुप्फुसांत जात असल्यामुळे गोळ्यांच्या तुलनेत उरलेल्या शरीरावर त्याचा परिणाम बराच कमी होतो. या औषधाचे व्यसन लागत नाही. ते थांबवल्यावर त्रास परत येतो, कारण सूज परत येते.

विषाणूजन्य सर्दीनंतरचा खोकला निरोगी मुलांतही काही आठवडे टिकू शकतो, हे खरे आहे. मात्र निळा पंप आठवड्यातून दोनपेक्षा अधिक वेळा लागणे, दम्यामुळे रात्री जाग येणे किंवा खेळ सोडावा लागणे, यांपैकी एक गोष्ट जरी दिसली तरी दमा पूर्ण आटोक्यात नाही असे समजावे. तुमच्या मुलात यांतील दोन गोष्टी दिसत आहेत, म्हणून वार्षिक तपासणीची वाट न पाहता याच आठवड्यात डॉक्टरांची वेळ घ्या. दम्याच्या कोणत्याही रुग्णाला केवळ निळ्या पंपावर ठेवू नये, असे ब्रिटनमधील नोव्हेंबर २०२४ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. बारा वर्षांवरील मुलांसाठी स्टेरॉइड आणि श्वासनलिका मोकळ्या करणारे फॉर्मोटेरॉल एकत्र असलेल्या पंपाचा पर्यायही आहे. तो आपल्या मुलाला योग्य ठरेल का, हे अवश्य विचारा.

औषध वाढवण्याआधी डॉक्टर एक प्रश्न विचारतील आणि तो घरीही विचारायला हवा: पंप खरोखर घेतला जातो का, आणि नीट घेतला जातो का? या वयात वर्गमित्रांसमोर पंप काढण्याचा संकोच वाटतो, आणि चार दिवस बरे गेले की रोजचा पंप सुटतो. "घेतलास का?" या प्रश्नाला "हो" हेच उत्तर मिळणार. त्याऐवजी "आठवड्यात साधारण किती वेळा राहून जातो?" असे विचारा आणि उत्तर ऐकून रागावू नका. रोजचा पंप दात घासण्याच्या ब्रशशेजारी ठेवला, तर आठवणही राहते आणि नंतर चूळ भरणेही होते. दोन आठवडे सकाळ-संध्याकाळ पीक फ्लो मीटरमध्ये (श्वास किती जोराने बाहेर टाकता येतो हे मोजणाऱ्या नळीत) तीनदा फुंकून त्यांतील सर्वांत मोठा आकडा त्याने स्वतःच आपल्या फोनमध्ये नोंदवावा. तपासणीच्या वेळी थोडा वेळ तुम्ही बाहेर थांबा; ई-सिगारेटविषयीचा प्रश्न आईसमोर विचारला तर खरे उत्तर मिळणे अवघड असते, आणि डॉक्टरांना ते कळणे आवश्यक आहे.

एवढे करूनही खोकला राहिला, तर नाकाची ॲलर्जी, घशाशी येणारे आम्ल किंवा व्यायामाच्या वेळी स्वरयंत्र आकसणे अशी अन्य कारणे डॉक्टर तपासतील. ताप, वजन घटणे किंवा थुंकीतून रक्त येणे यांपैकी काहीही आढळल्यास भारतात येऊन गेल्याचे आपणहून सांगा, म्हणजे क्षयरोगाची तपासणी लांबणार नाही.

एक वाक्य सलग बोलता न येणे, ओठ निळसर पडणे किंवा निळ्या पंपाने आराम न मिळणे, यांपैकी काहीही झाल्यास सकाळची वाट पाहू नका. त्याला ताठ बसवा, डॉक्टरांनी दिलेल्या दम्याच्या लेखी योजनेप्रमाणे पंप द्या आणि ९९९ या तिकडच्या आपत्कालीन क्रमांकावर फोन करा.

डिसेंबरमध्ये नाशिकला येण्याचा बेत रद्द करण्याची गरज मला वाटत नाही, मात्र निघण्यापूर्वी दमा आटोक्यात आलेला असावा. निफाडकडे पारा किती उतरतो हे तुम्हाला ठाऊक आहे. पहाटेची कोरडी थंडी, शेकोटीचा धूर आणि द्राक्षबागांतील फवारणी यांनी छाती भरून येऊ शकते. त्यामुळे मळ्यावर जायचे ते ऊन वर आल्यावर आणि फवारणी नसलेल्या दिवशी. पंप आणि स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) हातातल्या सामानात ठेवा, एक जादा पंप घ्या आणि औषधांची मूळ नावे डॉक्टरांकडून लिहून आणा, कारण तिकडचे व्हेंटोलिन येथे बहुधा अस्थालिन या नावाने मिळेल. सासूबाईंना आल्याआल्या स्पेसर कसा धरायचा हे नातवाकडूनच शिकू द्या, आणि रुग्णवाहिकेचा १०८ हा क्रमांक त्याच्या योजनेच्या कागदावर लिहून तो कागद त्यांच्या फोनजवळ लावा.