वाचकांचे प्रश्न : पहिला दगड

प्रश्न : ताई, माझा मुलगा अकरावीत आहे. वर्गातला एक मुलगा प्रॅक्टिकलच्या वेळी रडला, त्याचा कुणीतरी लपून व्हिडिओ काढला, वर हसण्याचा आवाज चिकटवला आणि ग्रुपवर टाकला. माझ्या मुलानेही तो पुढे पाठवला. विचारलं तर म्हणतो, ‘सगळ्यांनी पाठवला म्हणून मीही.’ तो मुलगा आता कॉलेजला येत नाही. लोकांचं पाहून वागू नकोस, असं मी त्याला म्हटलं खरं. पण चर्चमध्ये तर आपण ख्रिस्ताचं अनुकरण करा म्हणून शिकवतो. मग अनुकरण चांगलं की वाईट?
– एक आई, अमरावती

उत्तर : तुमचा मुलगा खरं बोलला, हे आधी धरून ठेवा. मी एकदा तेच केलं होतं आणि ते कबूल करायला मला पुष्कळ वर्षं लागली.

नोकरीची सुरुवात होती. शाळेत सहलीसाठी जमवलेले पैसे गेले. सातवीतला एक मुलगा मधल्या सुटीत वर्गातच बसून राहायचा. एका सरांनी त्याचं नाव घेतलं. एक बाई म्हणाल्या, ‘मलाही तेच वाटत होतं.’ तिसऱ्यांना आठवलं की तो कालपासून नजर चुकवतोय. माझ्यापर्यंत येईस्तोवर ते सिद्धच झालेलं होतं. मी म्हणाले, ‘असेल.’ त्याचं दप्तर टेबलावर पालथं केलं. कंपासपेटीतून तुटकी पट्टी, चार चिंचोके आणि घडी घालून घालून मऊ झालेलं आईचं आंतरदेशीय पत्र निघालं. तेही उघडून वाचलं. तो भिंतीला टेकून उभा होता. वेळापत्रकावरून वर्षभर एकमेकांशी न बोललेले दोन शिक्षक त्या दुपारी एका डब्यात जेवले. खोलीत इतकं खेळीमेळीचं वातावरण मी त्याआधी पाहिलं नव्हतं. आठवड्याने पैसे हजेरीपटाच्या खाकी कव्हरात सापडले. तोवर मुलगा गावी निघून गेला होता. तो परत आला नाही.

लूकच्या शुभवर्तमानात, 23व्या अध्यायात, एक ओळ आहे. हेरोद आणि पिलात यांचं आधी वैर होतं. येशूची चौकशी झाली त्याच दिवशी ते मित्र झाले. शब्बाथशाळेपासून ही ओळ मला पाठ आहे. तो डबा आणि ही ओळ एकच गोष्ट सांगतात, हे मात्र रने जिरार या फ्रेंच विचारवंताची पुस्तकं वाचल्यावर ध्यानात आलं.

जिरार 1923 साली, अगदी नाताळच्या दिवशी, फ्रान्समधल्या आव्हिन्यो गावी जन्मले आणि आयुष्यभर अमेरिकेत शिकवत राहिले. थोर कादंबऱ्या वाचता वाचता त्यांच्या लक्षात आलं की माणसाला काय हवं ते त्याचं त्याला कळत नाही. दुसऱ्याला हवं असतं तेच त्यालाही हवंसं वाटतं. दोन हात एकाच वस्तूकडे गेले की भांडण लागतं, आणि भांडण साथीसारखं पसरतं. मग सगळ्यांचा राग कुणा एकावर जाऊन पडतो, तो एक जातो आणि गावात शांतता येते. जुन्या मिथककथा ही हकिकत जमावाच्या बाजूने सांगतात, म्हणजे बळी दोषीच असतो. शुभवर्तमान ती बळीच्या बाजूने सांगतं. याच अभ्यासाच्या वाटेवर, 1959 साली, जिरार स्वतः श्रद्धेकडे परतले.

तुमच्या प्रश्नाला लागू पडेल अशी दोन दृश्यं त्यांनी शेजारी शेजारी ठेवली आहेत. पहिलं इफिस या प्राचीन शहरातलं. गावात साथ आली आहे. अपोलोनियस नावाचा नावाजलेला सिद्धपुरुष लोकांना नाट्यगृहात नेतो आणि आंधळ्यासारख्या दिसणाऱ्या एका भिकाऱ्याकडे बोट दाखवून म्हणतो, याला दगड मारा. लोक कचरतात. भिकारी गयावया करत असतो. अपोलोनियस पुन्हा पुन्हा चिथावतो. अखेर काही दगड पडतात, आणि मग एवढे पडतात की त्यांचा ढीग होतो.

दुसरं योहानाच्या 8व्या अध्यायातलं. व्यभिचारात धरलेली बाई मध्ये उभी आहे. येशू म्हणतो, जो निष्पाप असेल त्याने पहिला दगड टाकावा. त्याने नेमका पहिलाच दगड का धरला? दुसरा सोपा असतो, विसावा तर हाताला जाणवतही नाही. पहिल्यासाठी मात्र पुढे कुणाचा कित्ता नसतो. आणि हे म्हणण्याच्या आधी नि नंतरही येशू वाकून जमिनीवर बोटाने लिहीत राहतो. तो कुणाच्या नजरेला नजर भिडवत नाही. चिडलेल्या जमावाच्या डोळ्यांत रोखून पाहिलं तर ते आव्हान ठरलं असतं. मग वडीलधाऱ्यांपासून सुरुवात होऊन एकेक जण निघून जातो. बघा, तिथून निघून जाणंसुद्धा एकाचं पाहून दुसऱ्याने केलं.

म्हणून मुलाला ‘अनुकरण करू नकोस’ असं सांगू नका, ते कुणालाच जमत नाही. त्याला एवढंच सांगा की या ग्रुपमध्ये अजून कुणी निघालेलं नाही, तर तू आधी नीघ. ग्रुपवर त्याने स्वतःच्या नावाने लिहावं : मी हा व्हिडिओ पाठवला, मी चुकलो, मी तो काढून टाकलाय. इतरांना उपदेश नको. मग त्या मुलाच्या घरी जावं. तुम्ही सोबत जा, पण दारात बोलू त्याला द्या.

प्रश्न : सूडाचे सिनेमे ख्रिस्ती घरात बघावेत का?
– एक वाचक, जालना

उत्तर : बघा, पण शिट्ट्या कधी सुरू होतात तिकडे कान ठेवा. खलनायकाने आधी तासभर काय काय केलं ते दाखवतात, ते आपला हात मोकळा व्हावा म्हणूनच. घरी आल्यावर मुलांशी त्या तासाबद्दल बोला. बंदी घातलीत तर ती मित्राकडे जाऊन बघतील, आणि तिथे हे बोलायला कुणी नसेल.

प्रश्न : निवडणुकीत आमच्या मंडळीतले तरुण दोन पक्षांत वाटले गेले आणि ज्या शिव्या खाल्ल्या त्याच परत देऊ लागले. मी ‘दुसरा गाल पुढे कर’ म्हटलं, तर म्हणाले, हा पळपुटेपणा आहे.
– तरुण संघाचा कार्यकर्ता, वर्धा

उत्तर : मत्तयाच्या 5व्या अध्यायात ‘उजव्या गालावर’ असं स्पष्ट लिहिलंय. समोर उभं राहून स्वतःच्या हाताने करून बघा. उजव्या हाताने समोरच्याच्या उजव्या गालावर मारायचं तर उलट्या हाताची चपराक बसते, मालकाने गड्याला मारावी तशी. वॉल्टर विंक या अभ्यासकाने हे उलगडून दाखवलं. डावा गाल पुढे आला की ती उलटी चपराक मारताच येत नाही. म्हणजे दुसरा गाल पुढे करणारा माणूस पळालेला नसतो. मारायचंच असेल तर मला बरोबरीचा समजून मार, असं तो उभ्या जागी सांगतो.

तुमच्या पोरांना जेम्स लॉसन यांची गोष्ट सांगा. ती आमच्या नागपुरातून जाते. कोरियाच्या युद्धात सक्तीच्या भरतीला नकार दिला म्हणून तुरुंग भोगलेला हा कृष्णवर्णीय मेथडिस्ट तरुण 1953 साली मिशनरी म्हणून हिस्लॉप कॉलेजात आला. इथे राहून त्याने गांधीजींच्या सत्याग्रहाचा अभ्यास केला, आणि अमेरिकेत माँटगोमरी शहरातल्या कृष्णवर्णीयांनी भेदभावाविरुद्ध बसवर घातलेल्या बहिष्काराची बातमी इथल्याच वर्तमानपत्रात वाचली. 1956 मध्ये तो परतला आणि पुढच्या वर्षी मार्टिन ल्यूथर किंग यांची भेट झाली. किंग म्हणाले, थांबू नका, आत्ताच अमेरिकेच्या दक्षिणेत या.

दक्षिणेतल्या नॅशव्हिल शहरात दुकानांतल्या जेवणाच्या काउंटरवर कृष्णवर्णीयांना बसू देत नसत. तिथे जाऊन शांतपणे बसायचं, यासाठी लॉसन यांनी भाषणं देण्यापेक्षा सराव घेतला. चर्चमध्ये खुर्च्या मांडायच्या. काही विद्यार्थी गिऱ्हाईक होऊन बसत. बाकीचे जमाव होऊन त्यांना शिव्या देत, तोंडावर सिगारेटचा धूर सोडत, खुर्चीवरून खाली ओढत. पडलं तर डोकं कसं झाकायचं, सोबत्याला कसं वाचवायचं, हे पुन्हा पुन्हा घोटून घेतलं जाई. 27 फेब्रुवारी 1960 रोजी दुकानांतल्या जेवणाच्या काउंटरवर खराच जमाव आला. मार खाणाऱ्यांनाच अटक झाली, 80हून अधिक जणांना. पण एक तुकडी पोलिसांनी नेली की दुसरी येऊन त्याच स्टुलांवर बसे. त्यांच्याकडच्या नियमांच्या कागदावर होतं : उलट मारू नका, शिव्या देऊ नका, ताठ बसा, काउंटरकडे तोंड ठेवा. 10 मे रोजी सहा दुकानांचे काउंटर सर्वांना खुले झाले.

शिवीला शिवी देणं आपण न शिकवता शिकतो, कारण कित्ता समोरच असतो. ती गिळून ताठ बसण्याचा कित्ता कुणीतरी मुद्दाम घालून द्यावा लागतो. तुम्ही पोरांना नुसतं वचन ऐकवलंत. पुढच्या शनिवारी संघाच्या खोलीत खुर्च्या मांडा. निवडणुकीत ऐकलेल्या शिव्या त्यांच्याकडूनच कागदावर लिहून घ्या आणि सराव करा. जमावाचं काम दोन्ही पक्षांच्या पोरांना आळीपाळीने द्या, तुम्हीही घ्या. ओरडताना आवाज आपोआप कसा चढत जातो ते प्रत्येकाला कळू द्या. पाळकसाहेबांना आधी सांगून ठेवा, म्हणजे बाहेरून आरडाओरडा ऐकून ते धावत यायचे नाहीत.