‘आई, ये’ परत कधी म्हणेल?

प्रश्न : डॉक्टरताई, नमस्कार. आम्ही वारज्याला राहतो. मुलगा २२ महिन्यांचा. रडला की त्याच्या उजव्या जांघेत फुगवटा यायचा, तो हर्निया निघाला. ऑपरेशनचा तो आठवडा डोळ्यांसमोरून हलत नाही. सोमवारी रक्त तपासून आलो आणि त्याच संध्याकाळी दारात उभा राहून तो पहिल्यांदा दोन शब्द जोडून बोलला : ‘आई, ये’. मंगळवारी वरणभात स्वतःच्या हातानं, चमच्यानं खाल्ला, निम्मा फरशीवर. बुधवारी कठड्याला धरून अख्खा जिना चढला. गुरुवारी ऑपरेशन. सकाळी आठची वेळ दिली होती, नंबर लागला साडेअकराला. रात्री दहापासून पोटात काही नाही, पाणीसुद्धा द्यायचं नाही म्हणाले. ऑपरेशन थिएटरच्या दारात सिस्टरनी त्याला घेतलं तेव्हा माझ्या ओढणीचं टोक त्याच्या मुठीत होतं, एकेक बोट सोडवावं लागलं. शुद्धीवर आला तो लाथा झाडत, किंचाळत. वीस मिनिटं मला ओळखलंच नाही. आज नववा दिवस. जखम चांगली आहे. पण चमचा धरत नाही, कडेवरून उतरत नाही, रात्री दोनदा दचकून उठतो. आणि ‘आई, ये’ बंद झालंय. नुसतं ‘आई’. सासूबाई म्हणतात, भूल डोक्यात गेली, एवढ्याशा पोराला द्यायलाच नको होती. आम्ही घाई केली का? – एक आई, वारजे

उत्तर : तुमच्या पत्रातल्या ओढणीपाशी मी थांबले. एकतीस वर्षं मी त्या दाराच्या आतल्या बाजूला होते, लहान मुलांना भूल देत. ओढण्या, पदर, बाबांच्या शर्टाची बटणं, एकदा आजीचं मंगळसूत्र, अशा कितीतरी मुठी सोडवल्या आहेत. दार बंद झाल्यावर काय होतं ते आईला दिसत नाही, म्हणून सांगते. रडणारं मूल मोठमोठे श्वास घेतं, त्यामुळे मास्क धरला की मिनिटाभरात ते शांत झोपतं. तुमच्या मुलाला ते दार मोठेपणी आठवणार नाही. तुम्हाला आठवेल, आणि त्याचं मला खरंच वाईट वाटतं. पण तिथं तुमच्या हातून चूक काही झालेली नाही.

घाई तर मुळीच नाही. मुलगा पोटात असताना वृषण वरून खाली उतरतात, तेव्हा पोटाच्या आतल्या अस्तराची एक पिशवी त्यांच्यामागे खाली ओढली जाते. पुढे तिचं तोंड मिटायला हवं. तुमच्या मुलाचं उजवीकडचं उघडं राहिलं, म्हणून रडताना जोर आला की आतडं तिथं उतरायचं. आता ते औषधानं किंवा पट्ट्यानं मिटत नाही आणि वाट पाहूनही मिटत नाही. उलट आतडं अडकून बसलं तर रात्री-अपरात्री, उलट्या करणाऱ्या मुलाला घेऊन धावावं लागतं आणि तेच ऑपरेशन कितीतरी जोखमीचं होतं. तशी मुलंही मी पाहिली आहेत. तुम्ही ठरवून, दिवसाउजेडी केलंत ते योग्यच.

आता सासूबाईंची भीती. तिला हसण्यावारी नेऊ नका, हा प्रश्न डॉक्टरांनाही पडला होता. म्हणूनच सात देशांतल्या २८ रुग्णालयांत ७२२ तान्ह्या बाळांचा अभ्यास झाला, आणि ती सगळी हर्नियाच्याच ऑपरेशनला आलेली होती. काहींना पूर्ण भूल दिली, काहींचा फक्त कंबरेखालचा भाग बधिर केला. मुलं पाच वर्षांची झाल्यावर त्यांचा बुद्ध्यांक मोजला, तेव्हा दोन्ही गटांत फरक आढळला नाही. २०१९ मध्ये हे प्रसिद्ध झालं. ती बाळं तुमच्या मुलापेक्षा कितीतरी लहान होती, भूल साधारण तासाभराची. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१६ मध्ये तीन वर्षांखालच्या मुलांबद्दल जो इशारा दिला, तो तीन तासांहून लांब किंवा पुन्हा पुन्हा द्याव्या लागणाऱ्या भुलीबद्दल होता. एका बाजूच्या हर्नियाला एवढा वेळ लागत नाही. हा मजकूर सासूबाईंना तुम्हीच वाचून दाखवा, त्यांच्या शेजारी बसून.

शुद्धीवर येतानाचं ते किंचाळणं दोन-तीन वर्षांच्या मुलांत खूप दिसतं. शरीर जागं झालेलं असतं, भान मागून येतं. त्या वेळी मूल कुणालाच ओळखत नाही, आणि पाच मिनिटांपासून अर्ध्या तासापर्यंत हे चालतं. घट्ट धरून शांत आवाजात बोलत राहायचं, बस. हे आधी सांगून ठेवलं असतं तर तुमची ती वीस मिनिटं इतकी भयंकर गेली नसती. सांगायला हवं होतं.

पाण्याबद्दलही मला बोलायचंच आहे. जेवण आणि वरचं दूध सहा तास आधी बंद, अंगावरचं दूध चार तास, पण साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. आता बऱ्याच ठिकाणी तासभर आधीपर्यंतही देतात. नंबर साडेअकराला लागणार असेल तर सकाळी पाणी द्यायला हवं होतं. साडेतेरा तास कोरडं राहिलेलं मूल चिडणार नाही तर काय! ज्यांच्या मुलांचं ऑपरेशन ठरलंय त्या सगळ्यांना सांगते : आदल्या दिवशी भूलतज्ज्ञांना विचारा, ‘पाणी किती वाजेपर्यंत?’ आणि नंबर पुढे गेला तर पुन्हा विचारा. संकोच करू नका.

राहिला चमचा, कडेवर बसणं आणि ‘आई, ये’. ऑपरेशननंतर या वयाची मुलं नुकतंच शिकलेलं आधी सोडतात, कारण ते अजून मुरलेलं नसतं. त्याचा चमचा जेमतेम दोन दिवसांचा होता, ‘आई, ये’ तीन दिवसांचं. चिकटून बसणं आणि रात्री दचकणं बहुतेक मुलांत दोन-तीन आठवड्यांत ओसरतं. कडेवर मागितलं तर घ्या, सवय लागेल म्हणून उतरवू नका. ‘म्हण ना, आई ये म्हण’ असा पाठ मात्र घेऊ नका. त्याऐवजी तुम्हीच दिवसभर तसं बोला : बाबा, ये. काऊ, ये. दुदू, ये. सर्जननी हो म्हटलं की पेशवे पार्कात न्या. १९५६ मध्ये सुरू झालेल्या फुलराणी या छोट्या आगगाडीत बसून मी स्वतः मोठी झाले. तिथं मुलं कडेवरून आपोआप खाली उतरतात.

महिना उलटूनही दोन शब्द परतले नाहीत, किंवा हाक मारल्यावर तो बघेनासा झाला, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. जखमेपाशी थोडं टणक लागेल, ते काही आठवडे राहतं. ताप, पसरत जाणारी लाली, पू, थांबत नसलेल्या उलट्या, किंवा कुठल्याही जांघेत पुन्हा घट्ट, दुखरा फुगवटा आला, तर मात्र दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका.

आणि चमचा त्याच्या ताटलीशेजारी रोज ठेवत जा, हातात देऊ नका, नुसता ठेवा. फरशी पुसायचं फडकंही हाताशी असू द्या.