क्वार्टरबॅक कोच: न खेळलेल्या मुलाला ही वाट आहे का?

ताई, तुमच्या प्रश्नातलं मुख्य आधी मांडतो, म्हणजे नंतर येणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. मुलगा टेक्सासात युनिव्हर्सिटीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. हायस्कूलनंतर तो अमेरिकन फुटबॉल खेळलेला नाही, पण संघाच्या ऑफिसात विद्यार्थी मदतनीस म्हणून राबतो. आता त्याने घरी सांगितलंय की कॉलेजच्या संघात क्वार्टरबॅक कोच, म्हणजे चेंडू फेकून खेळ चालवणाऱ्या खेळाडूचा शिक्षक, व्हायचंय. न खेळलेल्याला तिथे कोण विचारणार, आणि विचारलं तरी त्यावर घर चालेल का, हे तुम्हाला आणि त्याच्या बाबांना हवंय.

मी नॉर्थ कॅरोलायनातल्या डरहॅमला राहतो. इथल्या ड्यूक विद्यापीठाचे घरचे सामने सहसा चुकवत नाही, आणि आमचा मुलगा शाळेत होता तेव्हापासून इथल्या एका हायस्कूल संघाच्या सामन्यांचं चित्रीकरण करतो. कोच मंडळींशी आणि त्यांच्या घरच्यांशी ओळखी झाल्या त्या यातूनच. माझं मत सरळ आहे. वाट आहे, पण ती शिक्षकाची वाट आहे. मुलाला फुटबॉल किती आवडतो हे बाजूला ठेवा, शिकवायला किती आवडतं ते बघा.

डेव्हिड कटक्लिफ यांचंच घ्या. पेटन आणि ईलाय मॅनिंग या नामवंत क्वार्टरबॅक भावांना कॉलेजात घडवणारे कोच म्हणून अमेरिकेत त्यांचं नाव घेतात. स्वतः ते कॉलेजात खेळलेले नाहीत. अलाबामात शिकत असताना तिथले मुख्य कोच बेअर ब्रायंट यांच्या संघाजवळ विद्यार्थी मदतनीस होते, म्हणजे आज तुमचा मुलगा जिथे आहे तिथेच. १९७६ ला पदवी घेतली आणि बर्मिंगहॅमच्या बँक्स हायस्कूलमध्ये कोच म्हणून लागले. १९८२ मध्ये टेनेसी विद्यापीठात गेले, तेही अर्धवेळ. पुढे टाइट एंड, मग रनिंग बॅक, असे आक्रमणातल्या इतर जागांचे खेळाडू सांभाळले. क्वार्टरबॅक त्यांच्या हाती यायला १९९० उजाडावं लागलं.

आणि मग १९९४ चा हंगाम. या धंद्याबद्दल कोणी विचारलं की मी त्याच वर्षाचं उदाहरण देतो. टेनेसीच्या क्वार्टरबॅकांच्या खोलीत तेव्हा जेरी कॉल्किट होता, वर्षानुवर्षं बाकावर थांबून शेवटच्या वर्षी पहिला क्रमांक मिळालेला. टॉड हेल्टन होता, तो बेसबॉलही खेळायचा. शिवाय दोन नवे पोरगे, ब्रँडन स्टुअर्ट आणि पेटन मॅनिंग. यूसीएलएविरुद्धच्या पहिल्याच सामन्यात, सुरुवातीच्या काही मिनिटांतच, कॉल्किटचा गुडघा गेला आणि त्याचा हंगाम संपला. हेल्टन पुढे आला. काही आठवड्यांत त्यालाही दुखापत झाली. मग शाळेतून नुकता आलेला मॅनिंग मैदानात उतरला, तो चार वर्षांनी थेट १९९८ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनएफएल या व्यावसायिक लीगचे संघ नवे खेळाडू निवडतात त्यात, पहिल्या क्रमांकावर निवडला गेला. हेल्टन बेसबॉलकडे वळला, कोलोरॅडो रॉकीजकडून नावारूपाला आला आणि २०२४ मध्ये बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये पोचला. स्टुअर्ट टेक्सास ए अँड एमला निघून गेला.

ऑगस्टमध्ये त्या खोलीत बसलेल्या कोचला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. चौथ्या क्रमांकाच्या मुलालाही पहिल्याइतकंच मन लावून शिकवलेलं असलं तरच सप्टेंबरात तो उभा राहतो. बहुतेक वेळा तशी पाळी येतच नाही आणि ती मेहनत कोणाला दिसत नाही. ती करायची तयारी ज्याची असते तो या खोलीत टिकतो.

आता काम. फुटबॉल फारसा न पाहणाऱ्यांसाठी एवढंच सांगतो की क्वार्टरबॅकच्या हातात जवळपास प्रत्येक प्लेला, म्हणजे खेळीला, चेंडू येतो आणि फेकायचा, दुसऱ्याच्या हाती द्यायचा की घेऊन पळायचं हे त्याला अडीच-तीन सेकंदांत ठरवावं लागतं. समोरचे ११ जण नेमकं उलटं भासवण्यासाठी धडपडत असतात. स्नॅपच्या, म्हणजे चेंडू खेळात यायच्या, आधी बचावात मागे एकच सेफ्टी (सर्वात मागचा रक्षक) आहे की दोन, मधला लाइनबॅकर (बचावाच्या दुसऱ्या फळीतला खेळाडू) कोणाला समजायचं, दबाव कुठून येणार, हे वाचायचं. स्नॅपनंतर पहिला रिसीव्हर (चेंडू झेलणारा) मोकळा नसेल तर दुसरा, तो नसेल तर तिसरा, आणि प्रत्येक नजरेबरोबर पाय त्याच तालात हलले पाहिजेत. हात कसा फिरतो याची चर्चा लोक फार करतात. मी ज्या कोचना जवळून पाहिलं ते सगळे पायांकडे बघतात. पाय उशिरा पडला की चेंडू उशिरा सुटतो, आणि उशिरा सुटलेला चेंडू समोरच्याच्या हातात जातो.

आठवडा साधारण असा जातो. रविवारी कालच्या सामन्याची फिल्म बघून प्रत्येक प्लेला गुण द्यायचे. मग पुढच्या प्रतिस्पर्ध्याच्या फिल्मचे तुकडे पाडायचे: तिसऱ्या डाउनला (दहा यार्डांसाठीच्या चार प्रयत्नांपैकी तिसऱ्याला) ते काय करतात, गोलरेषेजवळ काय करतात, ब्लिट्झ, म्हणजे क्वार्टरबॅकवर जादा माणसं, कधी पाठवतात. मंगळवार-बुधवार जड सराव, गुरुवारी उजळणी, काही ठिकाणी मुलांची लेखी परीक्षाही असते. हंगामात खेळाडूंकडून आठवड्याला २० तासांच्या वर काम करून घेता येत नाही असा एनसीएए या कॉलेज क्रीडा संस्थेचा नियम आहे. कोचच्या तासांना नियम नाही. मुलं घरी गेली की त्याचं दुसरं काम सुरू होतं, शाळांतल्या मुलांची फिल्म बघणं, त्यांच्या आईवडिलांना फोन करणं. संघात कोण येणार यावरच त्याची नोकरी उभी असते, म्हणून हे काम पुढे ढकलता येत नाही.

२०२४ पासून वरच्या गटाच्या कॉलेज फुटबॉलमध्येही कोचला क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमध्ये बोलता येतं. प्ले क्लॉकवर (पुढची खेळी सुरू करायच्या घड्याळावर) १५ सेकंद उरले, किंवा त्याआधी स्नॅप झाला, की आवाज बंद होतो. त्यापुढे मुलगा एकटा. आठवडाभर जे शिकवलं ते त्या शांततेत वापरायचं असतं.

कटक्लिफ यांची पुढची कारकीर्द मुद्दाम सांगतो, कारण ती नुसती चढती नाही. १९९८ च्या अखेरीस ते ओल मिसला, म्हणजे मिसिसिपी विद्यापीठात, मुख्य कोच झाले. तिथे ईलाय त्यांच्याकडे शिकला आणि २००४ च्या ड्राफ्टमध्ये तोही पहिला निवडला गेला. २००३ मध्ये त्या संघाने १० सामने जिंकले. ईलाय गेला, पुढच्या हंगामात ४ विजय आणि ७ पराभव झाले, आणि कटक्लिफ यांना काढून टाकलं. एका वाईट वर्षात. मग नोत्र दामला क्वार्टरबॅक कोच म्हणून गेले, तर हंगाम सुरू व्हायच्या आत हृदयाची बायपास शस्त्रक्रिया झाली आणि ती जागा सोडावी लागली. २००६ ला पुन्हा टेनेसीत आले. आदल्या वर्षी चाचपडणारा क्वार्टरबॅक एरिक एंज त्यांच्या हाताखाली सावरला, संघ ५ विजय-६ पराभवांवरून ९ विजय-४ पराभवांवर गेला.

त्यानंतर ते ड्यूकला मुख्य कोच झाले. २००४ ते २००७ या चार हंगामांत मिळून ड्यूकने ४ सामने जिंकले होते. त्यांच्या पहिल्याच वर्षी, २००८ ला, तेवढेच ४ जिंकले. २०१३ मध्ये १०. न्यूयॉर्कच्या पिनस्ट्राइप बोल या हंगामाअखेरच्या निमंत्रित सामन्यात २०१५ ला इंडियानाला हरवलं तेव्हा आमच्या गावात म्हातारी माणसं रडली, कारण बोलमधला आधीचा विजय १९६० च्या हंगामातला होता. मानेच्या शस्त्रक्रियेनंतर पेटन मॅनिंग पुन्हा फेकायला शिकण्यासाठी इथे डरहॅमला त्यांच्याकडेच आला होता. आणि डॅनियल जोन्स हा मुलगा शिष्यवृत्तीशिवाय ड्यूकमध्ये दाखल झाला, तो २०१९ ला ड्राफ्टमध्ये सहावा निवडला गेला. तरीही २०२१ ला ३ विजय आणि ९ पराभव झाले आणि ड्यूकची कारकीर्दही संपली.

घर चालेल का, हा तुमचा दुसरा प्रश्न इथे येतो. आपल्याकडे बँकेत बदली झाली तरी पगार चालू राहतो. इथे मुख्य कोच गेला की बहुधा सगळा ताफा जातो, तुमच्या मुलाचं काम कितीही चांगलं असो. कटक्लिफ यांच्याच हाताखाली तयार झालेले कर्ट रोपर २०१४ ते २०१९ या काळात फ्लोरिडा, क्लीव्हलंड ब्राउन्स, साउथ कॅरोलायना, कोलोरॅडो आणि एनसी स्टेट इतक्या ठिकाणी होते. प्रत्येक वेळी नवं घर, मुलांची नवी शाळा. कोचच्या बायकांशी बोललं की कळतं, डिसेंबर महिना, म्हणजे हंगाम संपून नोकऱ्या जायचा काळ, त्यांना किती जड जातो.

पैशाचं म्हणाल तर खालची पायरी फारच खाली आणि वरची फारच वर आहे. पदवीनंतर ग्रॅज्युएट असिस्टंट म्हणून दोनेक वर्षं जातात. मास्टर्सची फी माफ आणि हातखर्चापुरतं विद्यावेतन. मग ॲनालिस्ट (फिल्मचं विश्लेषण करणारा) किंवा लहान कॉलेजात पूर्णवेळ कोच. मोठ्या संघांच्या ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटरना (आक्रमणाची आखणी करणाऱ्या कोचना) वर्षाला १० लाख डॉलरच्या वर मिळतात, आणि क्वार्टरबॅक कोच व कोऑर्डिनेटर ही दोन्ही कामं पुष्कळदा एकाच माणसाकडे असतात. पण एफबीएस या वरच्या गटात २०२५ च्या हंगामात संघच जेमतेम १३६ होते. म्हणजे जागाही साधारण तितक्याच.

झटपट वर गेलेली उदाहरणं आहेत. जो ब्रेडी कॉलेजात रिसीव्हर होता, क्वार्टरबॅक नव्हे. पेन स्टेटला ग्रॅज्युएट असिस्टंट, मग न्यू ऑर्लीन्स सेंट्समध्ये मदतनीस, आणि २०१९ मध्ये एलएसयू (लुइझियाना स्टेट) विद्यापीठाच्या पासिंग खेळाची जबाबदारी. त्या हंगामात जो बरोने ६० टचडाउन पास फेकले आणि संघ १५ पैकी १५ सामने जिंकून विजेता झाला. दोन वर्षांनी, २०२१ च्या डिसेंबरात, तोवर तो ज्यांच्याकडे गेला होता त्या एनएफएलच्या कॅरोलायना पँथर्सने त्याला भर हंगामात काढलं. मग एनएफएलच्याच बफेलो संघात तो क्वार्टरबॅक कोच म्हणून रुजू झाला. तुमच्या मुलाला या गोष्टीचा पहिला अर्धा भाग नक्की पाठ असेल. दुसरा तुम्ही त्याच्याशी बोला.

तुमच्या मुलाच्या पिढीसाठी दोन गोष्टी बदलल्या आहेत. २०२१ पासून खेळाडू एकदा कॉलेज बदलून लगेच खेळू शकायला लागले, पुढे तेही बंधन सैलावलं, आणि त्याच वर्षापासून त्यांना स्वतःच्या नावावर (जाहिराती वगैरेंतून) पैसेही कमावता येतात. बाकावरचा मुलगा आता थांबत नाही. तीन वर्षं घडवायला मिळणारा विद्यार्थी दुर्मिळ झालाय, कोचला आठ-नऊ महिन्यांत परक्या मुलाला आपली पद्धत शिकवावी लागते. मला याचं वाईट वाटतं, पण स्पष्ट आणि पटकन शिकवणाऱ्याची किंमत यामुळे वाढलीच आहे. दुसरी गोष्ट तुमच्या मुलाच्या फायद्याची. २०२४ पर्यंत मैदानावर शिकवायची परवानगी मुख्य कोच आणि ठरावीक सहायकांनाच होती. आता वरच्या गटात ॲनालिस्टनाही सरावात शिकवता येतं. म्हणजे खालच्या पायरीवरच्या मुलालाही खरं काम हाताला लागतं.

त्याला आत्ता एवढंच करायला सांगा. फिल्मचे तुकडे पाडायचं काम मागून घ्यायचं, कारण तिथेच डोळा तयार होतो. पदवी अशी घ्यायची की हायस्कूलमध्ये शिक्षक म्हणूनही लागता येईल. टेक्सासात शाळेचा फुटबॉल फार मोठा आहे आणि तिथले कोच बहुतेक शिक्षकच असतात, ती नोकरी कमी प्रतीची मुळीच नाही. उन्हाळ्यात क्वार्टरबॅकांच्या शिबिरांत लहान मुलांना शिकवायला जायचं. दहा वर्षांच्या पोराला तीन पावलांचा ड्रॉप (चेंडू घेऊन मागे सरकणं) समजावून सांगताना त्याला कंटाळा येतो की वेळेचं भान राहत नाही, हे तिथे आपोआप कळेल. चौथ्या वर्षाच्या जानेवारीत फुटबॉल कोचेस असोसिएशनच्या अधिवेशनाला जायचं, ग्रॅज्युएट असिस्टंटच्या जागांची बोलणी तिथे होतात.

बाबांना एक हिशेबाची गोष्ट सांगा. २६ वर्षांचा होईपर्यंत तो तुमच्या आरोग्य विम्यावर राहू शकतो. असिस्टंटची दोन वर्षं आणि त्यानंतरचं एखादं रिकामं वर्ष त्यात बसतं. कर्ज न काढता पदवी झाली तर विद्यावेतनावर तो कसाबसा का होईना, राहील. त्याच्याकडून काही विचारायचं असेल तर इथेच लिहा, इथल्या कोचना विचारून सांगतो.